मशीन आडवं जातं का?

मला बाता मारायची खोड आहे, हे आधीच कबूल करतो. मी भोकरचा अमृतराव, पाण्यानं खोदायचं मशीन चालवतो. गुरुपादप्पाशी माझी गाठ पडली ती एकाच दिवसापुरती. पण त्या दिवशी मी जे केलं त्याची लाज अजून जात नाही. माणूस कसा होता ते मला पुढं त्याच्या गल्लीतल्या लोकांनी सांगितलं, तेच आधी सांगतो.

गुरुपादप्पा रेणापूरकडचा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि तोंडात शिव्या. ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे साहेब आले, साहेबांना बंगले आले, बंगल्यांना नळ आले. त्या नळांसाठी चर खोदायला रोजंदारीवर गडी लागले, त्यात हाही आला. खोदता खोदता पाणी खात्यात चिकटला आणि व्हॉल्व्हमन झाला. सायकलच्या दांडीला ती लांबलचक चावी बांधून चौतीस वर्षं गल्लोगल्ली पाणी सोडत फिरला. लाईन कुठं गळते हे ओळखायला लोखंडी दांड्याचं एक टोक जमिनीला टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि सांगायचा, "हितं गळून राहिलंय." तिथंच निघायचं. कुणाकडं लग्न असलं की व्हॉल्व्ह पाव तास जास्त उघडा ठेवायचा आणि वर दम द्यायचा, "गप भरून घ्या, गावभर बोंबलू नका."

त्याची लेक दानम्मा. उदगीरला दिली होती. नवरा अपघातात गेला, ती माहेरी आली. बापानं घरापुढच्या मोकळ्या पट्टीवर एक खोली काढून तिला पिठाची गिरणी घालून दिली. त्या गिरणीवरच तिचं चालायचं.

आता दोन हजार सोळाचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं ते साल. कुंभारतळ म्हणून त्याची गल्ली, तिथं दोन महिने नळाला थेंब नव्हता. आठ दिवसांनी एक टँकर यायचा. नवी मोठी लाईन गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. ती तिथंच, गुरुपादप्पाच्या घराजवळ संपणाऱ्या ब्याऐंशी सालच्या जुन्या लाईनला जोडली की नळ सुरू. पण जुना पाईप सिमेंटचा, ठिसूळ. जेसीबीचा दात लागला तर चुरा. म्हणून आमच्या ठेकेदारानं मला मशीन घेऊन पाठवलं.

मशीन साधं आहे. एका नळीनं जोरात पाणी मारायचं, माती सुटते. दुसऱ्या जाड सोंडेनं तो चिखल ओढून टाकीत घ्यायचा. पाईपला, केबलला ओरखडा येत नाही. काळ्या मातीत वीस फूट जातं. मुरमात हळू चालतं. काळ्या पाषाणाला मात्र काही करत नाही. आणि त्याला पाणी लागतं, लई लागतं. त्या दिवशी ते पाणी दुसरीकडून मिळेना. तेव्हा इंजिनिअर हणमंतराव गल्लीतल्या बायांना म्हणाले, "आज तुमचा टँकर खोदायला दिला तर परवा नळाला पाणी. बघा." बाया आपसात बोलल्या. मग बसम्मा नावाची म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, "घ्या." आठ दिवसांचं पाणी! मला वाटलं, केवढा विश्वास आहे बुवा आपल्या मशीनवर. छाती फुगली माझी.

टँकरचं हे बोलणं व्हायच्या आधी, सकाळीच, लाईन नेमकी कुठंय हे सांगायला गुरुपादप्पाला बोलावलं होतं. नकाशा कधीच हरवलेला. दांडा लावावा तर लाईन कोरडी, ऐकू काय येणार? सगळी भिस्त त्याच्या आठवणीवर. तो आला, मशीनभोवती दोन चकरा मारल्या आणि मला म्हणाला, "किती खोल जातं हे?"

"वीस फूट. लागलं तर जास्त."

"आन् आडवं? आडवं जातं का?"

माझ्याभोवती सगळी गल्ली जमलेली. बसम्मा अगदी हाताच्या अंतरावर. मी सोंडेवर थाप मारून म्हणालो, "अप्पा, आडवं, उभं, तिरकं, म्हणाल तसं! हत्ती हाय हा. घराखालनं घुसवून पलीकडं काढतो, घरातल्याला कळायचं न्हाई."

हे खोटं होतं. आडवं दोन हात जातं. पुढं वरची माती बसते. पण बोलायला काय जातं?

गुरुपादप्पानं पांढऱ्या फक्कीची मूठ घेतली आणि गिरणीच्या भिंतीपासून तीन पावलांवर फुली मारली. मग गिरणीकडं पाठ करून उभा राहिला. उन्हामुळं असेल, असं मला वाटलं.

टँकर मिळाल्यावर मशीन सुरू केलं. भेगाळलेली काळी माती, पाणी लागलं की लोण्यासारखी सुटत होती. तीन फूट, पाच, सहा. बाया खड्ड्याकडं बघत नव्हत्या, टँकरच्या नळीकडं बघत होत्या. एक तर प्रत्येक फुटाला डोळे मिटून घ्यायची. सहा फुटांवर गुरुपादप्पा माझ्या कानाशी आला. हळूच म्हणाला, "आता आडवं घ्या. पूर्वेकडं."

पूर्वेला गिरणी. जात्याखाली काँक्रीटचा भक्कम पाया. मी म्हणालो, "तिकडं कशाला? पाया बसंल की."

"सकाळी म्हणालात जातं."

त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला सगळं कळलं. लाईन गिरणीखाली होती. पाणी खात्याच्या माणसानं स्वतःच लाईनवर खोली बांधली होती, निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि आत लेक दळण दळून राहिली होती. माझ्या हत्तीच्या भरवशावर त्यानं फुली बाहेर मारली होती. वाटलं असेल, बाहेरून खोल जाऊन आडवं घुसतील, खालच्या खाली जोड मारतील, गिरणीही राहील आणि नळही येईल.

तेव्हाच मशीन बंद करायला हवं होतं. अर्धा टँकर शिल्लक होता. दोन वाक्यं बोलायची होती, "मी बाता मारल्या. आडवं जात नाही." नाही बोललो. हणमंतराव उभे, गल्ली उभी, एवढ्या लोकांत तोंडघशी कोण पडणार? मी म्हणालो, "अजून खोल घेऊन बघू," आणि नळी खाली सोडली. खाली काही नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी आठ फूट, नऊ फूट, दहा फूट. त्या लोकांच्या पिण्याचं पाणी मी जाणूनबुजून चिखलात घातलं. तेही स्वतःची फुशारकी उघडी पडू नये म्हणून. अकरा फुटांवर काळा पाषाण लागला. टँकर रिकामा झाला. नळीनं नुसती हवा फुस्स केली.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. हणमंतराव म्हणाले, "अप्पा, नीट आठवतंय ना तुम्हाला?"

गुरुपादप्पा जमिनीकडं बघत म्हणाला, "न्हाई आठवत, साहेब."

आणि मी, मला कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणालो, "वय झालंय हो त्यांचं. डोकं चालत न्हाई आता. मशीन काय करणार?"

थू माझ्या जिनगानीवर.

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही, कशानंच नाही. मग गेला, घरातून पहार घेऊन आला आणि गिरणीच्या दारात उभा राहिला. "दानम्मा, पट्टा काढ."

"का हो बाबा? दळण हाय अजून."

"काढ म्हणलं ना."

गिरणीचा आवाज थांबला. गुरुपादप्पा गल्लीकडं तोंड करून म्हणाला, "लाईन हितं हाय. ह्या खोलीच्या खाली. मला ठाऊक होतं. मीच बांधली तिच्यावर, मीच आज खोटी फुली मारली. तुमचं पाणी मी घालवलं." एवढं बोलून आत गेला आणि पहिला घाव घातला. दानम्मा पिठानं पांढरी झालेली तशीच बाजूला उभी राहिली. रडली नाही. दोन घाव झाल्यावर तिनं बापाच्या हातातली पहार घेतली आणि स्वतः मारायला लागली.

पाया फोडायला तीन तास लागले. मी मशीन सोडून आत गेलो, घमेली उचलली. पाईप निघाला चार फुटांवर. कुदळ-फावड्याचं काम. पाण्याचा एक थेंबही लागला नसता.

जोड मारायला माणसं खाली उतरली तेव्हा गुरुपादप्पा फुटलेल्या काँक्रीटवर बसला होता. मान वर करत नव्हता. बसम्मा दोन पितळ्या घेऊन आली, एक त्याला दिली, एक मला. चहा! घरात पाणी नसताना चहा.

"नको बसम्मा," गुरुपादप्पा म्हणाला. "माझ्यानं गिळवायचा न्हाई. मी फसवलं तुमाला."

"काय फसवलं रं?" बसम्मा वैतागून म्हणाली. "गल्लीतल्या कुणाला ठाऊक न्हवतं? पाया खंदला तवा पाईप आमी डोळ्यानं बघितलाय. कोण बोललं का? नवरा मेलेली पोर, बांधू दे म्हणलं. आजबी तू फुली मारलीस तवाच कळलं समद्यांस्नी."

"मग टँकर कशापायी दिलात?"

बसम्मानं बोट माझ्याकडं केलं. "ह्यो मशीनवाला म्हणला न्हवं का, घराखालनं आडवं जातं, वरच्याला कळत न्हाई. आमी बाया बोललो आपसात. म्हणलं, आठ दिवस कसंबी काढू, बारकी लेकरं पाव्हण्याकडं धाडू. पर दानम्माची गिरणी तेवढी वाचू दे."

मशीनवर कुणाचाच विश्वास नव्हता. माझ्या शब्दावर होता. गुरुपादप्पानं तोंड फिरवलं आणि इतका वेळ आवरलेला हुंदका सोडला. मी तिथंच सांगायला हवं होतं की सहा फुटांवरच मला कळलं होतं, अर्धा टँकर वाचला असता. तोंड उघडलंही मी. पण बसम्मा म्हणाली, "पी बाबा, निवून चाललाय," आणि मी तो चहा प्यालो.