वीजबिलावरचं नाव

वडील गेले त्यानंतरच्या मे महिन्यात पार्सिपनीच्या घराचा वीजपुरवठादार बदलला. त्याच्या काही आठवडे आधी ते वीज खातं वडिलांच्या नावावरून आईच्या नावावर झालं होतं. नाव बदलल्याशिवाय पुरवठादार बदलता येणार नव्हता. आईला पुरवठादार बदलायचा होता. नाव बदलायचं नव्हतं.

न्यू जर्सीत घरापर्यंत वीज आणणारी वितरण कंपनी एकच असते. खांब, तारा, मीटर तिचे. त्या तारांमधून येणारी वीज कुणाकडून विकत घ्यायची, हे मात्र ग्राहक ठरवू शकतो. पुरवठादार अनेक आहेत. कुणी ठरावीक मुदतीसाठी दर स्थिर ठेवतो, कुणाचा दर महिन्याला बदलतो, कुणी सांगतो की तुम्ही वापराल तेवढी वीज आम्ही वाऱ्यावर किंवा उन्हावर तयार झालेली घेऊ. बहुतेक लोक या भानगडीत पडत नाहीत. वडील पडले.

ते तरुणपणी नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर होते. नंतर इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत बॉयलरचंच डिझाइन करत राहिले. शेवटच्या वर्षी त्यांनी शंभर टक्के पवन ऊर्जेची एक योजना निवडून ठेवली. आधीच्या पुरवठादाराशी असलेला करार एप्रिलमध्ये संपत होता आणि तो मधेच मोडला तर दंड होता, म्हणून ते थांबले. आईला त्यांनी सांगितलं, "एप्रिलमध्ये बदलायचं. मी विसरलो तर आठवण कर." नोव्हेंबरमध्ये ते गेले.

कोळशावर आयुष्य काढलेल्या माणसानं वारा का निवडला, याचं कारण त्यांनी मला सांगितलं नाही. या विषयावरचं त्यांचं एकच बोलणं मी स्वतः ऐकलं आहे. दोन घरं सोडून राहणारे डॉक्टर काका चहाला आले होते. तेही निवृत्त.

"यार, तुझ्या घरात वाऱ्याचे इलेक्ट्रॉन आणि माझ्या घरात कोळशाचे?" काका म्हणाले. "तार तर एकच आहे. लेबल लावून येतात का ते?"

"तू डॉक्टर आहेस. विजेत हात घालू नकोस, मरशील," वडील म्हणाले. "टाकी एकच आहे, सगळे तिच्यातूनच पितात. माझ्या वाटणीचं त्यात काय ओतलं जातं, तेवढंच माझ्या हातात."

"आणि वारा पडला की?"

"तेव्हा तुझ्या कोळशावर चहा करू."

"चहा गॅसवर होतो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मार्चच्या शेवटी आईचा मला फोन आला. "तुझ्या बाबांचं ते वाऱ्याचं करायचंय. एप्रिल आलाच." शनिवारी मी गेले. मी दीड तासावर राहते.

तोपर्यंत बँक, गाडी, घर, सगळं आईच्या नावावर झालं होतं. ती कामं मी केली होती. आईनं जिथे सांगितलं तिथे सही केली, वाचून पाहिलं नाही. वडिलांच्या नावानं येणारं टपाल हळूहळू कमी होत गेलं. नियमानं येणारं एकच उरलं होतं, विजेचं बिल. पैसे खात्यातून आपोआप जात होते. तरी आई दर महिन्याला ते पाकीट वडिलांच्या टेबलावर नेऊन ठेवायची, न उघडता.

मी तिला सांगितलं की आधी खातं तुझ्या नावावर करावं लागेल.

"कशाला?" ती म्हणाली. "गावाकडे अजून तुझ्या आजोबांच्या नावावर बिल येतं. ते जाऊन तीस वर्षं झाली. कुणी आलं का वीज तोडायला?"

हे खरं होतं. ते बिल आजही त्याच नावावर येतं आणि चुलत भाऊ भरतो.

"आई, इथे विचारतात."

"विचारू देत."

नव्या पुरवठादाराला तिनंच फोन लावला. स्पीकर चालू होता. पलीकडच्या माणसानं खातेदाराचं नाव विचारलं. आईनं वडिलांचं नाव सांगितलं. त्यानं म्हटलं, संमती खातेदारानं स्वतः द्यावी लागते, ती रेकॉर्ड होते, त्यांना फोन देता का?

"ही इज नॉट अ‍ॅट होम," आई म्हणाली.

केव्हा भेटतील, असं त्यानं विचारलं. आई म्हणाली, "ईव्हनिंग."

फोन ठेवल्यावर मी "आई" एवढंच म्हटलं.

"काय खोटं बोलले? नाहीयेत ते घरी."

त्या संध्याकाळी फोन आला. आईनं तो वाजू दिला. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा आला. त्याबद्दल मला तिच्याकडूनच कळलं. एकदा तिनं बाहेर गेलेत असं सांगितलं, एकदा झोपलेत असं.

पुढच्या शनिवारी फोन आला तेव्हा मी तिथे होते. या वेळी बाई होत्या, आवाज नम्र. त्या म्हणाल्या, आम्ही अनेकदा प्रयत्न केला, त्यांच्याशी बोलणं होत नाही, तेव्हा आम्ही ही विनंती बंद करतो. ग्राहकाला ही योजना नको आहे, अशी नोंद होईल.

आई खुर्चीतून उठली. "नो, नो. ही इज इंटरेस्टेड. ही ओन्ली सिलेक्टेड धिस प्लॅन."

मग मी त्यांच्याशी बोलू शकते का, असं बाईंनी विचारलं.

मी फोनकडे हात केला. आईनं मान हलवून नाही म्हटलं. तिनं वडिलांच्या टेबलाकडे पाहिलं.

"माय हजबंड पास्ड अवे," ती म्हणाली. "इन नोव्हेंबर. बट ही डिड नॉट से नो. प्लीज डोन्ट राइट दॅट."

माझ्या माहितीप्रमाणे हे वाक्य तिनं इंग्रजीत तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे मी सांगितलं होतं.

बाईंनी दुःख व्यक्त केलं आणि खातं आईच्या नावावर झालं की नव्यानं विनंती करा, असं सांगितलं. जुन्या विनंतीपुढे नकार लिहिणार नाही, ग्राहक हयात नाहीत एवढंच लिहीन, असंही म्हणाल्या. आईनं त्यांना लिहिलेलं वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं. आई म्हणाली, "थँक यू."

सोमवारी आईनं वितरण कंपनीला फोन केला. मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवायची होती, ती मी ऑफिसातून पाठवली. नवं खातं कुणाच्या नावावर करायचं, असं विचारल्यावर आईनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मधल्या नावाचं पहिलं अक्षर पुरे, असं तिला सांगण्यात आलं.

"नो. फुल नेम," आई म्हणाली. मधल्या नावाचं एकेक अक्षर तिनं सावकाश सांगितलं, आणि शेवटी परत म्हणवून घेतलं.

एप्रिलअखेर तिनं पवन ऊर्जेच्या योजनेला संमती दिली. संमती रेकॉर्ड झाली. ती रद्द करायची असल्यास मुदत आहे, असं कळवणारं पत्र वितरण कंपनीकडून आलं. मुदत उलटली. मे महिन्याच्या मीटर वाचनापासून पुरवठादार बदलला.

पहिलं बिल जूनमध्ये आलं. आईनं ते उघडलं. वितरणाच्या रकान्यात पूर्वीचीच कंपनी आहे, पुरवठ्याच्या रकान्यात नवी. नावाच्या ओळीत तीन शब्द आहेत. मधला शब्द वडिलांचं नाव आहे.