उघडी बशी

विचुंबे गावातल्या आमच्या घराच्या गच्चीवर सासूबाईंची हक्काची जागा आहे. टाकीच्या सावलीत चटई टाकून त्या वाळत घातलेल्या सुकटीची राखण करतात आणि वारा खातात. मागच्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. पहिलं अँटिबायोटिक लागू पडलं नाही, दुसरंही नाही. तिसऱ्याने त्या वाचल्या. "मोकळ्या हवेत बसवा," डॉक्टर म्हणाले, पण आमची मोकळी हवा म्हणजे हीच गच्ची. तिला लागूनच सासूबाईंच्या पुतण्याची पोल्ट्री. तिथे कोंबड्या ठणठणीत असल्या तरी पाण्यातून अँटिबायोटिक देतात. त्या औषधाला सरावलेले जंतू विष्ठेत राहतात, आणि ती वाळली की धुळीबरोबर उडतात. खारघरच्या कॉलेजात मी हेच शिकवते, मग घरात गप्प कशी बसणार?

कॉलेजातून मी काचेच्या चपट्या बशा आणल्या. त्यांत जंतूंसाठी जेलीसारखं खाद्य असतं. मी त्यात पोल्ट्रीतलंच औषध मिसळलं होतं. बशी तासभर हवेत उघडी ठेवायची, मग उबेत. औषधाला पुरून उरतील तेवढेच जंतू वाढतात आणि त्यांचे ठिपके दिसतात.

बशा कोऱ्या निघाल्या! मी आनंदाने शेवयांची खीर केली आणि सासूबाईंना म्हटलं, "बसा आता बिनघोर."

खात्रीसाठी पुन्हा एकदा बशा मांडल्या. वाळलेले कपडे काढायला मध्येच वर गेले, तर बशांवर टोपली पालथी, वर दगड.

"अहो आई, हे काय?"

"जेवान उगडा ठेवतान का गो? धूल बसते, मांजर तोंड घालते. मागल्या बारीला पन मीच झाकलेला. मंग सुकट भरायला टोपली काढली."

त्यांचं तरी काय चुकलं? या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा कधी उघडा राहत नाही. मला हसू आवरेना, पण झाकलेल्या बशांच्या भरवशावर केलेली ती खीर आठवली आणि हसू विरलं.

या वेळी बशा खरोखर उघड्या राहिल्या आणि ठिपक्यांनी भरल्या. सगळेच ठिपके रोगाचे नसतात, आणि आईंचा आजार तिथूनच आला असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. तेवढं सांगून मी त्यांना झाकणबंद बशी दाखवली. त्या ती घेऊन तडक पुतण्याकडे निघाल्या. मी मागोमाग.

"तुज्या औषदाला हे भीत नाय. मना परत आजार झाला तं डाक्टर काय देल?"

"काकी, सगलेच देतान."

"सगल्यांच्या काक्या गच्चीवर नाय बसत."

पुतण्या वरमला. आता कोंबड्या आजारी पडल्या तरच, आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, तो औषध देतो.

मी अजून अधूनमधून बशा मांडते. सासूबाई शेजारी काठी घेऊन बसतात, मांजर हाकलतात, टोपलीला हात लावत नाहीत. मला ते बघायला फार आवडतं. परवा ठिपके कमी होते, गेले नव्हते. आज बशा मांडल्या तेव्हा पोल्ट्रीच्या शेडमधला भुसा काढत होते, म्हणून म्हटलं, "आई, नाकाला पदर लावा."

"बशी उगडी ठेवतेस, आनि मना झाकतेस?"

"बशी गेली तर दुसरी आणता येते," मी म्हटलं आणि त्यांचा पदर त्यांच्या नाकावर ओढला.