पंचनाम्याबाहेरचं नाणं

काहीही विचारलं की ते आधी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर घालायचे. मग म्हणायचे, “पानी प्या, मंग इचारा.” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं पाणी पिऊन होईपर्यंत त्यांचं उत्तर तयार असतं आणि आपण प्रश्न विसरलेलो असतो.

पन्नास सालाच्या आसपासची गोष्ट. मी पनवेलच्या मामलेदार कचेरीत नवा कारकून होतो. पळस्प्याच्या रस्त्याला या टोपीवाल्या म्हाताऱ्यांची वाडी होती. तिथे चिकूसाठी खड्डा खणताना चांदीची नाणी आणि एक लांबुळकी, दोन कानांची, फुटकी बरणी निघाली. मुंबईहून एक विद्वान साहेब आले. त्यांच्याबरोबर पंचनाम्याला मला धाडलं.

साहेब भारावून म्हणाले, “ही रोमची. दोन हजार वर्षांपूर्वी हिच्यातून दारू यायची.”

म्हाताऱ्याने बरणी उलटी करून पाहिली. तिला बूड नव्हतं, नुसतं टोक होतं. “बराबर हाय,” ते म्हणाले. “खाली ठेवाचीच नाय, तर बूड कशाला?”

बरणी त्यांनी आनंदाने दिली. सहा नाणीही दिली.

“आणखी काही?” साहेबांनी विचारलं.

टोपी गुडघ्यावर गेली. “घरात देव सोडून काय नाय.”

साहेब मोटारीकडे वळले. मी पाणी प्यायला आत गेलो. देव्हाऱ्यात पूर्वजांचे चांदीचे टाक मांडले होते. त्यांच्याच ओळीत, हळदकुंकू लावून, सातव्या नाण्यावरचा एक रोमन बादशहा बसला होता.

मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांचे वडील करंजा बंदरातून मचव्याने समुद्रावर गेले ते परतलेच नव्हते. मागे फोटोही नव्हता. सोनाराकडचे टाक सगळे एकाच ठशाचे.

“तसला टाक कोनाचाबी बाप व्हईल,” ते म्हणाले. “ह्यो माझाच हाय. मान बगा, नाक बगा. तोंडबी तसाच फुगवलेला.”

“आणि मिशी?”

“तिकडं गेल्यावर काढली आसंल.” मग आवाज खाली आला. “भाऊसाहेब, ह्याला नेऊ नका. एकदा गेलेला हाय तो.”

हसू आवरत मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. पंचनाम्यात मी सहाच नाणी लिहिली. नोकरीतली ती माझी पहिली खोटी ओळ.

पुढे दर हंगामात कचेरीत चिकूंची टोपली यायची. “बापानं धाडली हाय,” असं ते सगळ्यांसमोर, माझ्याकडे न बघता सांगायचे. मी फायलीत तोंड खुपसायचो.

ते गेले. तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा एक पुडी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “बाबा बोलले व्हते, मी हाय तवर तो माझा बाप. माझ्यामागं त्याला सरकारात जमा करा.”

मुंबईला पाठवायच्या पत्रात मी ‘बागेत नुकतंच सापडलं’ असं लिहिलं. सरकारला मी दोनदाच फसवलं, दोन्ही वेळा त्यांच्यासाठी. नाणं लिफाफ्यात घालताना मात्र मला रडू आवरेना. डाक न्यायला आलेला शिपाई दारातच थबकला.

“कोन गेलं, भाऊसाहेब?”

“बाप-लेक,” मी म्हटलं, “दोघंही.”