खोलाईचा नारळ

साल चौऱ्याहत्तर, उन्हाळा, भर दुपार. ठिकाण: सोलापूर, अक्कलकोट रोडवर बांधकाम चालू असलेला टॉवेलचा कारखाना. हजर: मी म्हणजे ठाण्याचा फौजदार, एक हवालदार, दोन शिपाई, पंच म्हणून शेजारचा किराणा दुकानदार आणि एक यंत्रमागवाला, इमारतीचा ठेकेदार, त्याच्या हाताखाली सेंट्रिंगचं काम घेतलेला पोटठेकेदार. आणि कोसळलेल्या स्लॅबखाली त्या पोटठेकेदाराचा थोरला भाऊ, मयत. इतक्या वर्षांनीही ही हजेरी मला न चुकता म्हणता येते.

फिर्याद ठेकेदाराची होती. स्लॅब ओतताना खाली लोखंडी प्लेटा आणि लाकडी वासे लावतात, ते सेंट्रिंग; स्लॅब पक्का झाला की ते काढतात, ती खोलाई. इथलं सेंट्रिंग या दोघा भावांचं होतं. "न विचारता साइटवर शिरले आणि चोरून वासे काढले, साहेब. माझा स्लॅब गेला," असं ठेकेदाराने ठाण्यात सांगितलं. मेलेल्या माणसाचा उल्लेख त्याने नंतर केला.

पंचनाम्यात मी दिसेल ते लिहून घेत असे. विटा, वाळू, वाकलेल्या प्लेटा. एका खांबापाशी फुटलेला नारळ होता आणि खांबाला हळदकुंकू.

"नारळबी लिहू का?" हवालदाराने विचारलं. "साहेब, खोबरं मुद्देमालात घेतलं तर उंदरं पंच व्हतील."

"लिही," मी म्हणालो.

धाकट्या भावाला ठाण्यात आणलं. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कानडी, बाहेर मराठी. वासे आपणच काढले हे त्याने लगेच कबूल केलं. पुढे काही बोलेना. मध्येच "अण्णा, अण्णा" करत गुडघ्यात डोकं घाली.

दोन दिवसांनी खबर मिळाली. विटा वाहणारी एक बाई चहाच्या टपरीवर हवालदाराला गाठून म्हणाली, "त्यो चोर न्हाय, दादा. त्या दिशी ठेकेदार शेठ सोता साइटवर उबा हुता. ह्यो म्हनला, आदी वरच्या विटा उतरा, मग खोलतो. शेठ म्हनला, तू खोल, विटा उद्या उतरतील."

वरच्या मजल्याच्या सगळ्या विटा ठेकेदाराने त्याच स्लॅबवर रचून ठेवल्या होत्या. तो भार स्लॅबने नव्हे, खालच्या वाशांनी पेलला होता.

मग मला नारळ आठवला. आमच्याकडे स्लॅब भरताना जसा नारळ फुटतो, तसा सेंट्रिंग खोलतानाही फुटतो, आणि तो काम देणाऱ्याच्या हातचा असतो. त्याने नारळ दिला म्हणजे खोलायला परवानगी दिली. भर दुपारी नारळ फोडून कुणी चोरी करत नाही.

मी धाकट्याला पुन्हा समोर बसवलं. "नारळ कुणी दिला?"

"शेठनी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"त्येंचं नाव घेतलं तर पैशे बुडतील की, सायेब. निम्मे भरताना मिळाले. निम्मे खोलाईला. दोन म्हयने झाले, शेठ खोलूच देईनात. राहू दे, पानी मारतोय म्हनायचे. त्या दिशी कुठं नारळ दिला. प्लेटा तितंच अडकल्या, दुसरं काम घेता येईना. आता वैनी हाय, तिची पोरं हायती. त्या पैशावर तर हाय सगळं."

भाऊ मेला होता, स्वतः कोठडीत होता, आणि तरी तो शेठची मर्जी सांभाळत होता. हवालदार उठून बाहेर गेला.

ठेकेदाराला बोलावलं. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात पान. "नारळ? देवाच्या नावाने कुणी नारळ मागितला तर मी नाही म्हणू का, साहेब? त्यात परवानगी कुठे आली?"

मी दोघांवरही दोषारोपपत्र पाठवलं. निष्काळजीपणाने मृत्यू, ठेकेदार आरोपी क्रमांक एक. खटला उभा राहिला तेव्हा ती बाई साक्षीला आली आणि आपण काहीच पाहिलं नाही म्हणाली. कोर्टाच्या पायरीवर मला गाठून तिने सांगितलं, "रागावू नका, सायेब. फुडचं कामबी त्येंच्याकडंच हाय." मी रागावलो नाही. तिला काय द्यायला माझ्याकडे होतं?

पुराव्याअभावी ठेकेदार सुटला. वासे काढल्याचं धाकट्याने कोर्टातही नाकारलं नाही, म्हणून शिक्षा त्याला झाली. ज्या भावाला तो अण्णा म्हणत होता, त्याच्या मृत्यूबद्दल. खोलाईचे पैसे मिळाले नाहीत. स्लॅबच राहिला नाही, तर खोलाई कसली, असं ठेकेदाराचं म्हणणं.

नोकरीत पुढे अशा पुष्कळ फिर्यादी आल्या. एक गोष्ट मी लक्षात ठेवली: देणं असलेला माणूस ठाण्यात आधी येतो, इस्त्रीचे कपडे घालून. घेणं असलेला माणूस येतच नाही. त्याला आणावा लागतो, आणि आणल्यावरही तो आशेपायी खरं बोलत नाही. हे कळून मला कुणाचं भलं करता आलं, असं मात्र नाही.

शिक्षा भोगून धाकटा ठाण्यात आला होता. प्लेटा मागायला. त्या मुद्देमालात जमा होत्या. कोर्टाने मालकीची पावती मागितली. त्याने जुन्या बाजारातून घेतलेल्या, पावती कुठली? मी दोनदा अहवाल पाठवला. उत्तर येण्याआधी माझी बदली झाली. चार्ज देताना यादीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं: सेंट्रिंग प्लेटा, मालकास परत करणे बाकी.

मागच्या महिन्यात त्या ठाण्यात सहज गेलो होतो. प्लेटा मागच्या भिंतीपाशी पडून आहेत, गंजून एकमेकींना चिकटल्या आहेत. वरच्या प्लेटेवर ठाण्यातल्या शिपाई पोरांनी भाकरीचे तुकडे वाळत घातले होते.

परत करणे बाकी.