महिपतची वेल्लम

बुरोंडीच्या महिपतला दोन मुलगे झाले, मुलगी झाली नाही. तरी त्याच्या घरात एका मुलीचं नाव उठता-बसता निघायचं. वेल्लम. तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती कुठल्या गावची, जिवंत आहे की नाही, हेही ठाऊक नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईत हवाईदलातला एक पोरगा महिपतच्या मांडीवर डोकं ठेवून गेला आणि जाताना त्याने हे नाव घेतलं, एवढीच तिची नि त्याची ओळख.

त्या डिसेंबरात बुरोंडीत घराघरांच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते आणि चुलीचा उजेडही बाहेर दिसू नये म्हणून बायका दार लोटून भाकऱ्या थापायच्या. महिपत तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला पोर. चुलते भिकाजी होडीचे तांडेल, त्यांच्या हाताखाली तो मासेमारी शिकत होता. एका सकाळी जाळी ओढत असताना त्यांना उत्तरेकडून धूर येताना दिसला. धुराच्या टोकाला विमान होतं. ते इतकं खाली आलं की होडीतल्या माणसांनी माना खाली घातल्या. मग दूर पाण्यावर ते एकदा आपटलं, उडालं, आणि दुसऱ्यांदा आपटलं ते दिसेनासंच झालं.

बाकीच्या होड्या किनाऱ्याकडे वळल्या. विमानात बाँब असतील, फुटतील, असं जो तो ओरडत होता. भिकाजींनी मात्र सुकाणू धुराकडे फिरवलं. तिथे पोचले तेव्हा पाण्यावर तेल पसरलं होतं, पत्र्याचे नि कापडाचे तुकडे तरंगत होते. त्यातच पिवळ्या फुगीर जाकिटातला एक माणूस उताणा डोलत होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत जळले होते. धरायचं कुठे, हाच प्रश्न. अखेर जाकिटाला धरून त्याला आत घेतलं.

“कुशीवर कर त्याला. पोटातलं पानी जाऊ दे,” भिकाजी म्हणाले.

महिपतने त्याला कुशीवर केलं, डोकं मांडीवर घेतलं. जमिनीकडून येणारा मतलई वारा तोंडावर होता, शीड कामाचं नव्हतं. भिकाजी आणि दुसरा गडी जिवाच्या आकांताने वल्ही मारत होते. त्या पोराचे डोळे उघडे होते. ओठ हलले, म्हणून महिपतने कान खाली नेला.

“अम्मे… इत्तिरी वेल्लम.”

अम्मे म्हणजे आई, हे महिपतला कळलं. ते कुणालाही कळलं असतं. पुढचं नाव असणार, असं त्याने धरलं. आईच्या मागोमाग माणूस आणखी कुणाला हाक मारतो? घरातल्याच कुणाला तरी. “येतील हां तुझी मानसं. वेल्लम येल,” असं तो त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पोरानेही ते शब्द पुन्हा पुन्हा म्हटले. दर वेळी थोडे हळू. किनाऱ्यावरच्या माडांचे शेंडे वेगवेगळे दिसायला लागले, तेव्हा तो बोलायचा थांबला.

वाळूवर त्याला शिडाच्या कापडाखाली झाकून ठेवलं. दुपारनंतर हवाईदलाची गाडी आली. आलेल्या साहेबाने भिकाजींना सलाम केला. पोराचं नाव माधवन, मद्रासकडचा, आणि विमानात आणखी दोघं होते, असं सांगितलं. ते दोघं कधीच मिळाले नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर माधवनचे वडील बुरोंडीत आले. बुटकेसे, काळेसावळे, पांढऱ्या लुंगीतले म्हातारे गृहस्थ, काखेत छत्री. सोबत एक जवान होता, तो हिंदीतून इकडचं तिकडे सांगायचा. जवान पोलीसपाटलांच्या घरी गेला, तेवढ्या वेळात म्हातारा आणि महिपत वाळूवर दोघेच उरले. महिपतने हाताने समुद्रातली जागा दाखवली. मांडी घालून बसला, मांडीवर थोपटून दाखवलं. मग जपून ठेवलेले ते शब्द त्याने म्हाताऱ्यापुढे जसेच्या तसे म्हटले.

म्हाताऱ्याने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. काहीतरी विचारलं. महिपतला उमजलं नाही, तेव्हा म्हाताऱ्याने ओंजळ तोंडाशी नेली आणि भुवया उंचावून त्याच्याकडे पाहत राहिला. बिचाऱ्याला तहान लागलीय, महिपतच्या मनात आलं. तो धावत घरी गेला. आई, येसूबाई, दारातच होती. तिने तांब्या भरून दिला. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांनी घेतला, बराच वेळ नुसता पाहिला, आणि रडू लागला. रडत रडतच सगळं पाणी प्याला. मग त्याने महिपतच्या डोक्यावर हात ठेवला. जवान परतल्यावर त्याच्याकरवी सांगितलं, की या मुलाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

होडीत घेतल्याचे उपकार, असंच महिपतला वाटलं.

लग्न होऊन काशी घरात आली, तिला ही गोष्ट त्याने पहिल्याच वर्षी सांगितली. वेल्लम बायको असेल, असा महिपतचा अंदाज. काशीने तो मोडून काढला. एवढ्याशा पोराला कुठली बायको, धाकटी बहीण असणार, तिचं म्हणणं. ते महिपतलाही पटलं. तेव्हापासून वेल्लम त्या घरात वाढू लागली. ती शाळेत जायला लागली असेल. तिला न्हाण आलं असेल. भाऊ नाही, म्हातारा बाप, तिच्या लग्नाचं कोण बघणार? मुलगे झाल्यावर काशी म्हणायची, वेल्लमला आता असली दोन असतील. मुलीची हौस तिची राहून गेली होती, ती तिने अशी भागवून घेतली. डिसेंबरातल्या त्या दिवशी दोघं समुद्राला नारळ द्यायची आणि वेल्लमला सुखी ठेव म्हणायची. कुणी पाहुणा आला की महिपत विमानाची गोष्ट सांगायचा. तिचा शेवट नेहमी एकच, त्या पोरीला एकदा भेटायचंय, तुझ्या भावाने तुझं नाव घेतलं हे तिच्या कानावर घालायचंय.

महिपतचे गुडघे गेले, होडी विकली, तेव्हा धाकट्या सागरने आईबापाला रत्नागिरीला आणलं. तो मांडवीत राहतो, रिक्षा चालवतो. घराजवळच्या रस्त्यावर शाजी नावाच्या माणसाचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. सागर तिथे रिक्षा लावतो, म्हणून महिपतही संध्याकाळचा तिथल्या बाकावर जाऊन बसू लागला. शाजीचं मराठी मोडकं, पण गप्पांना पक्का. एकदा बोलता बोलता महिपतने त्याला मद्रासी म्हटलं. शाजी हसला. मद्रासी नाही, केरळचा, आमची भाषा मल्याळम, म्हणाला.

महिपतने मग सहज विचारलं, की तुमच्याकडे वेल्लम हे पोरीचं नाव असतं काय?

“वेल्लम?” शाजी टायर फिरवता फिरवता म्हणाला. “नाव नाय काका. वेल्लम म्हणजे पाणी.”

महिपतला वाटलं, आपलाच उच्चार चुकला असेल. त्याने सगळे शब्द सावकाश म्हणून दाखवले. अम्मे, इत्तिरी वेल्लम. शाजीचे हात थांबले. हे कोण बोललं, त्याने विचारलं. महिपतने सांगितलं. शाजी उठून त्याच्याजवळ येऊन बसला.

“आई, थोडं पाणी,” तो म्हणाला. “पाणी मागत होता तो.” आणि मग, काही मनात न ठेवता, त्याने ओंजळ तोंडाशी नेऊन विचारलं, “दिलं ना?”

महिपत त्या ओंजळीकडे पाहत राहिला. म्हाताऱ्याने वाळूवर हेच विचारलं होतं.

होडीत पिण्याच्या पाण्याचं मडकं होतं. त्याच्या पाठीशी, फळीखाली, तोंडावर करवंटी घातलेलं. हात मागे नेला असता तर लागलं असतं. पण समुद्रातून काढलेल्या माणसाला पाणी पाजायचं कुणाच्या डोक्यात येणार? भिकाजींच्या नाही आलं, त्याच्याही नाही. पोटातलं पाणी निघून जावं म्हणून त्याला कुशीवर केलं होतं, आणि तो घोटभर पाण्यासाठी आईला हाक मारत होता. आणि महिपत त्याला सांगत होता, वेल्लम येल, वेल्लम येल.

सागरने त्याला धरून घरी आणलं. काशीपुढे सगळं बोलायला त्याला वेळ लागला. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “म्हंजे वेल्लम नाय?”

“कोन नव्हतीच गो.”

काशी आत गेली आणि जमिनीवर भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवशी चूल पेटली नाही. सुनेला, मृणालीला, वाटलं की गावाकडचं कुणीतरी गेलं. तिने तसं विचारलंही, आणि काशीने मान हलवून होय म्हटलं.

मग काही दिवसांनी शाजी घरी आला. त्यालाही चैन पडलं नव्हतं. हवाईदलातून निवृत्त झालेली त्याच्या ओळखीची माणसं होती, नाव माहीत, साल माहीत, घर सहज शोधता येईल, तो म्हणाला. वडील आता नसतील, पण भाऊबहीण, पुतणे, कुणीतरी असेल. फोन लावून देतो, मी मधे बोलतो.

याच एका गोष्टीसाठी महिपतने आयुष्य काढलं होतं. तो म्हणाला, “नको. बापाने विचारलान, आनि मी तांब्या आनून दिला. पोराला पानी मिळालं, असं समजून तो गेला. घरी जाऊन त्याच्या आईला तसंच सांगितलं असेल त्याने. र्‍हाऊ दे ते तसंच.”

शाजी गेला. दाराशी बसलेली काशी म्हणाली, बरं केलंत. पण बरं केलं की नाही, हे महिपतला ठरवता येईना. ते कुणासाठी राखलं, माधवनच्या माणसांसाठी, की फोनवर कुणीतरी तोच प्रश्न विचारील या भीतीने आपल्यासाठीच, हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं.

अलीकडे तो विमानाची गोष्ट सांगत नाही. कुणी विषय काढलाच तर, पडलं होतं एक, एवढं म्हणून गप्प होतो. मागल्या डिसेंबरात नारळ नेला नाही. दोघं मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन नुसतीच बसली. इतकी वर्षं त्यांनी नसलेल्या पोरीची काळजी वाहिली होती आणि जो मांडीवर गेला त्याच्याविषयी फारसं कधी बोललीच नव्हती. बऱ्याच वेळाने काशीने विचारलं, “दिसायला कसा होता हो तो?”

महिपतने आठवून पाहिलं. केस कुरळे होते, म्हणाला. कानामागे तीळ होता. ओठ पार सुकून फुटले होते.