मी बसून राह्यलो

भुताखेतांचं सोडा, मी तडा गेलेल्या आरशातही बिनधास्त वेणी घालणारी बाई! डोणगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. तरी हे लिहितेय... हसायचं तर हसा.

माझं माहेर पुणं. वऱ्हाडी शिकले ती नवऱ्याकडून, त्यामुळे बोलायलाही लागले त्यांच्यासारखीच — 'मी येऊन राह्यलो!' बाईनं 'राह्यली' म्हणायचं, हे घाईत डोक्यात शिरायचंच नाही. मग आमच्या ह्यांच्या डाव्या गालाला आधी खळी पडायची, मागून हसू. "अवं, तू बाई हायेस का माणूस?"

मागच्या वर्षी त्यांचा डावा कान पार गेला. एमआरआयमध्ये कानाच्या नसेवर गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, पण काढणं भाग होतं. डॉक्टर म्हणाले, "चेहऱ्याची नस गाठीला चिकटलीय. ती दुखावली तर अर्धा चेहरा लुळा पडेल, डोळाही मिटणार नाही. ऑपरेशनभर गालाला मशीनच्या तारा लावू. नसेला धक्का बसला की मशीन वाजेल." जीव तर हवाच होता, पण खरं सांगते, मला ते हसूही हवं होतं.

संभाजीनगरला ऑपरेशन. भर दुपारी मी थिएटरबाहेर बसलेली, तेवढ्यात उंद्रीहून नणंदेचा फोन. "वहिनी, काय करून राह्यल्या?"

रडू आवरत मी म्हणाले, "बाहेर बसून राह्यलो!"

ती फस्सकन हसली. मीही हसले... आणि लगेच स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. "नस वाचली. पण गंमत बघा — दुपारी आम्ही नसेला हातही लावला नव्हता, तोच मशीन वाजलं. गाल हलला. थांबून पाहिलं, तर जिथं कापणार तिथंच नस, पापुद्र्यासारखी पसरलेली! गाठीचा तेवढा थर तसाच ठेवला."

"मशीन असं आपोआप वाजतं?"

"कधीकधी. जखम धुताना गार पाणी पडलं तरी वाजतं. पण तेव्हा पाणीही घातलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या गालाला खळी पडली.

"काऊन बे, भाईर बसून राह्यला होता?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगते कोन? ऐकलं ना." आणि बोट कुठल्या कानाकडे, तर पट्टी बांधलेल्या डाव्या!

नणंद अजून आलीच नव्हती. त्यांचा फोनही माझ्याकडेच. फोनची वेळ मी वहीत टिपून ठेवलीय, विज्ञानाची बाई ना! कान गेला तो गेलाच, पण चेहरा शाबूत आहे आणि आमचं छान चाललंय.

मला आता 'राह्यली' अगदी नीट म्हणता येतं. पण घरात मी 'राह्यलो'च म्हणते... आणि त्यांच्या डाव्या गालाकडे बघत राहते.