रांगेत बसणारी आजी

आमच्या सेवा मंडळाचं काम सोडायचं ठरवूनच त्या वर्षी मी देवबागच्या नेत्रशिबिराला गेलो होतो. तिथे रांगेत एक मासे विकणारी म्हातारी बसली होती. शेजारच्या माणसाचा हात धरून ती अंगठ्याने हळूहळू चोळायची. तो आत गेला, की सरकून पुढच्याचा हात धरायची.

“आजी, तुमचा नंबर कितवा?” मी नावं लिहिता लिहिता विचारलं.

“माझो खंयचो नंबर? माझा ऑपरेशन तुमच्याच शिबिरात झाला. तेव्हा मी खूब भियेललंय. म्हणान आता दरवर्सा येतंय, भियेलल्यांच्या सोबतीक बसाक.”

इतकी वर्षं मी नुसती नावंच लिहीत होतो.

हल्ली ती दिसत नाही. मंडळात मी अजून आहे. शिबिराच्या दिवशी वही दुसऱ्या कुणाकडे देतो आणि रांगेत जाऊन बसतो.